नवरदेवाचा कोट

विमानतळावरची माणसं त्याला नवरदेव म्हणायची. अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. लढायला निघताना हा माणूस केसांना पाणी लावून भांग पाडायचा, गळ्यात पांढरा रेशमी रुमाल गुंडाळायचा, बुटांवरून फडकं मारून घ्यायचा आणि मग विमानाकडे असा रमतगमत यायचा, की तिकडे मुलीकडची मंडळी ताटकळत उभी आहेत असं वाटावं.

खळताईला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला होता. पण खोटं कशाला बोला, विमान चालवावं तर त्यानंच. पहिली तीन विमानं त्यानं खरोखर पाडली. त्यातलं एक तर विमानतळाच्या डोक्यावरच पाडलं. सगळ्यांनी हातातली कामं टाकून ते बघितलं, आणि खळताईनंही टाळ्या वाजवल्या. चौथं, पाचवं, सहावंही खरंच होतं. दर विमानामागे त्याच्या विमानाच्या नाकावर एक पांढरी चांदणी रंगवली जायची. वर्तमानपत्रात फोटो यायचा, तो चांदण्यांकडे बोट दाखवतोय असा. सहा चांदण्यांनी त्याच्या डोक्यात हवा गेली आणि पुढचे चार महिने सातवी काही मिळेना. दुसऱ्या तळावरच्या कुणा पोरानं आठ पाडली म्हणून छापून आलं, तेव्हा यानं ते वर्तमानपत्र खाणावळीत सगळ्यांसमोर टराटरा फाडलं.

खळताई म्हणजे कोण, तेही सांगायला हवं. ती गावातल्या शिंप्याची थोरली लेक. सातव्या वर्षापासून हातात कात्री. लढाई सुरू झाली आणि तळावर कापड कापायला बायका हव्यात म्हणून हाकाटी झाली, तेव्हा ती गेली. काम ऐकायला हलकं वाटतं. विमानाच्या पंखांत बंदुका असतात, इकडे दोन आणि तिकडे दोन. त्यांच्या तोंडांत धूळ जाऊ नये, दव जाऊ नये, म्हणून तोंडावर तळहाताएवढी कापडी पट्टी चिकटवायची. पट्टी लाल कापडाची, खळ लाखेची, आणि तिचा वास हातांना जन्मभर पुरेल असा. वैमानिकानं गोळी झाडली की पहिल्याच गोळीला पट्टी फाटते. विमान खाली आलं की फाटकी पट्टी खरवडायची, नवी लावायची. दिवसभर हातात खळीचा डबा, म्हणून नाव पडलं खळताई.

पट्टीचा आणखी एक गुण होता आणि तो तळावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पट्ट्या फाटल्या की बंदुकांच्या तोंडांत वारा शिरायचा आणि विमान शीळ घालत उतरायचं. शीळ ऐकू आली की समजायचं, वर मारामारी झाली. मुक्यानं उतरलं की समजायचं, नुसतं फिरून आलं.

ती रोज सकाळी पट्ट्या लावायची आणि मागोमाग तपासनीस येऊन प्रत्येक पट्टीवर तारखेचा शिक्का मारायचा. बंदुका भरलेल्या आहेत, तोंडं बंद आहेत, मी बघितलं, असा त्या शिक्क्याचा अर्थ. माणूस सरळ, पण भित्रा. साहेबानं खाकरलं तरी उठून उभा राहायचा. त्याला सगळे शिक्केवाला म्हणायचे.

आणि धाकटा. खळताईचा भाऊ, तिच्याहून बारा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो दीड वर्षाचा होता. त्याचं न्हाऊमाखू, शाळा, दुखणी, सगळं हिनंच काढलं. विमानांचं वेड त्याला लहानपणापासून, आणि नशिबाचा खेळ असा की शिकून पास झाला आणि आला तो नेमका याच तळावर, आणि याच नवरदेवाचा जोडीदार म्हणून. जोडीदाराचं काम एकच, पुढच्याची पाठ सांभाळायची. पुढचा मारतो, मागचा राखतो. जोडीदारानं काहीही करावं, चुकावं, विमान मोडावं, सगळं माफ. एक गोष्ट माफ नाही. पुढच्याला टाकून पळाला, की कागदावर दोन शब्द लिहिले जातात: 'साथ सोडली'. ते दोन शब्द ज्याच्या नावापुढे लागले त्याचं नाव तळाच्या दारावरच्या फलकावर लागत नाही. मेला तरी लागत नाही.

"ताई, तुझा नवरदेव वर गेला की फार बडबडतो गं," धाकटा म्हणायचा. "सगळी बडबड आरशाशी."

"माझा कशाला? तुझाच आहे, तूच मागे मागे फिरतोस त्याच्या."

"मी करवला!" असं म्हणून तो पळायचा.

त्या दिवशी सकाळी लाल कापड संपलं. कोठारात विचारलं तर म्हणाले, गाडी दुपारी येईल. दोन विमानं निघायच्या तयारीत, आठ पट्ट्या हव्यात, आणि कापड चिंधीभर नाही. खळताईच्या पिशवीत धाकट्याचा जुना शर्ट होता. निळ्या-पांढऱ्या रेघांचा, बाबांनी शिवलेला, कोपरावर फाटलेला. दुरुस्त करायला म्हणून तिनं घरून आणला होता. तिनं मागचापुढचा विचार केला नाही. कात्री घातली आणि आठ पट्ट्या कापल्या. एका पट्टीत तर खिशाचा कोपराच आला, बाबांच्या हातच्या तिकोनी टाक्यासकट. बाबा प्रत्येक खिशाच्या कोपऱ्यावर बारीक तिकोन घालायचे. ती त्यांची सही.

"अगं माझा शर्ट!" धाकटा ओरडला. "बाबा तुला फाडून खातील."

"तू सांगू नकोस म्हणजे झालं."

चार पट्ट्या नवरदेवाच्या विमानाला, चार धाकट्याच्या. शिक्केवाल्यानं नाक मुरडलं, पण आठही पट्ट्यांवर शिक्के मारले. दोघं गेले.

तासाभरानं एकच विमान परत आलं. मुक्यानं.

खळताई धावपट्टीच्या कडेला उभी होती. तिनं कान दिला. शीळ नाही. ती पंखाखाली गेली, चारही पट्ट्या बघितल्या. शाबूत. एकीलाही ओरखडा नाही. तिच्या जिवात जीव आला. पट्ट्या शाबूत म्हणजे वर मारामारीच झाली नाही. म्हणजे धाकटा कुठेतरी मागे रेंगाळलाय, येईल आता. शर्टाचं कापड वाया कशाला घालवायचं म्हणून तिनं त्या चार पट्ट्या अलगद सोडवल्या, खळीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि आभाळाकडे बघत बसली. ती चार तास बसली होती.

मग कुणीतरी येऊन सांगितलं. नवरदेवानं सातवं पाडलं म्हणे. शत्रूची दोन विमानं अंगावर आली, जोडीदार शेपूट घालून पळाला, नवरदेवानं एकट्यानं एकाला पाडलं. पळालेल्याला दुसऱ्यानं गाठलं. रंगारी डबा घेऊन सातवी चांदणी काढायला निघालासुद्धा होता. शीळ कुणीच ऐकली नव्हती, पण ते तोंडानं म्हणणार कोण?

ती तशीच उठून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. मोठे साहेब म्हणजे तळाचे प्रमुख. टेबलावर हिरवं कापड, भिंतीवर नकाशा, आणि समोर वर्तमानपत्राला द्यायचा मजकूर अर्धा लिहिलेला.

"साहेब, त्यांनी एकही गोळी झाडलेली नाही. पट्ट्या शाबूत होत्या. मी माझ्या हातानं काढल्या."

"कुठे आहेत?"

"आहेत."

"आण इकडे." साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "लगेच जाळून टाकू. आणि विमानावरची वस्तू लपवणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? तुरुंगात जाशील. तुझा भाऊ गेला, दुःख आहे, मान्य. पण लोकांना या घटकेला एक वाघ लागतो, बाई. चिंध्या लागत नाहीत."

खळताई तिथेच शहाणी झाली. "टाकून दिल्या, साहेब," ती म्हणाली. "कचऱ्यात गेल्या."

"उत्तम," असं म्हणून साहेबांनी लेखणी उचलली. बंदुकांत गोळ्या भरणाऱ्या माणसाला त्या भरलेल्याच सापडल्या होत्या, संध्याकाळी त्यानं त्या तपासायला झाडल्याही होत्या. तो आठवड्याच्या आत बदली होऊन लांब गेला. धाकट्याच्या नावापुढे ते दोन शब्द लागले.

घरी बाबांनी धाकट्याचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि कपाटात पालथा घातला. खिळा तसाच राहिला. ती रडली, ओरडली, पट्ट्यांचं सगळं सांगितलं, कापड कुठलं एवढं सोडून. बाबा सुईत दोरा ओवत म्हणाले, "बहिणी भावांची बाजू घेतातच."

"मी खोटं बोलतेय असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"पट्टी तूच लावतेस, तूच काढतेस. मी काय बघितलं? आणून दाखव."

आणणार कशी? तळाच्या फाटकातून कापडाचा तुकडा बाहेर जात नव्हता. लढाईचे दिवस. येताना झडती, जाताना झडती. बायकांसाठी एक जाडी बाई बसवली होती. ती केसांत बोटं घालून बघायची, जेवणाचा डबा उघडून हुंगायची. खळताईनं दोनदा बेत केला आणि दोनदा फाटकापासून मागे फिरली. पट्ट्या सापडल्या की साहेबांच्या टेबलावर जाणार आणि तिथून आगीत. मग धाकट्याचं जगात काही उरलं नसतं.

म्हणून डबा तिथेच राहिला, खळीच्या तीस डब्यांमागे. आणि ती रोज सकाळी त्याच माणसाच्या विमानाला पट्ट्या चिकटवत राहिली. लोक म्हणतील, हिनं एखादा खिळा का नाही सरकवला कुठे? तिच्या मनात आलं नाही असं नाही. दहा वेळा आलं. पण शिंप्याची पोर होती. बिघडवायचं म्हणून हातातलं काम बिघडवणं तिला जमायचं नाही. ती पट्टी नीट चिकटवायची, कडा अंगठ्यानं दाबायची आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

एक गोष्ट मात्र तिनं हेरली. त्या दिवसानंतर नवरदेव मुक्यानं कधी उतरलाच नाही. आभाळ मोकळं असो, शत्रूचा मागमूस नसो, हा आपला शीळ घालत खाली. परतीच्या वाटेवर ढगांत दोन-चार गोळ्या झाडून यायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, आणि याच्या तर नाकावरही चांदणं. खाली उतरला की पंखाखाली उभ्या असलेल्या खळताईकडे बघायचा आणि म्हणायचा, "काय खळताई, फाटल्या ना?"

"फाटल्या, साहेब."

"बघून घे नीट."

तोंडात शिवी यायची आणि ती गिळायची. पुढच्या पाच महिन्यांत चांदण्या नऊ झाल्या. आठवी-नववी खरी का खोटी, देव जाणे. मग बातमी आली की त्याला पदक मिळणार. तळावरच समारंभ. त्यानंतर तो नव्या पोरांना शिकवायला मोठ्या हुद्द्यावर जाणार. नव्या पोरांना जोडीदाराची पाठ कशी राखायची ते हा शिकवणार! खळताईनं ऐकलं आणि हातातली कात्री दाणकन खाली ठेवली.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तो स्वतः तिच्याकडे आला. हातात कागदी पुडकं.

"ए खळताई, तुझा बाप शिंपी ना? गावातला चांगला म्हणतात."

"हो."

"हा माझा जुना कोट. मापाला. समारंभाला नवा हवाय. कापड मी पाठवलंय दुकानात. असाच शिवायला सांग, तंतोतंत. एक टाका इकडचा तिकडे नको." मग जरा थांबून हसला. "म्हाताऱ्याला बरं वाटेल. घरातलं एक कार्टं निघालं भित्रं, निदान हातून एका शूराचा कोट तरी शिवला जाईल."

तिच्या कानांत शीळ घुमायला लागली. तिनं पुडकं घेतलं. वर फाटकावरच्या बाईसाठी चिठ्ठी होती, त्याच्या सहीची: सामान तपासू नये.

ती चिठ्ठी तिनं दोनदा वाचली.

जेवणाच्या सुट्टीत बायकांच्या न्हाणीघरात कडी लावून तिनं कोट उलटा केला. डाव्या छातीकडची अस्तराची शिवण पात्यानं वीतभर उसवली, चारही पट्ट्या आत सपाट बसवल्या, दोन-दोन टाके घातले, शिवण बंद केली. घाईतही टाका सरळ पडला. संध्याकाळी फाटकावर तिनं चिठ्ठी पुढे केली. जाड्या बाईनं सही बघितली, पुडक्याला हातसुद्धा लावला नाही. उलट म्हणाली, "त्यांचा कोट? जपून ने हं बाई, पाडशील कुठेतरी."

"जिवापाड जपते," खळताई म्हणाली.

घरी येऊन तिनं कोट बाबांसमोर ठेवला. निरोप सांगितला, तंतोतंत. पुढे काही बोलली नाही. एकदा तोंडानं सांगून झालं होतं, आता बाबांचे हात सांगतील. मापाचा कोट आला की बाबा अस्तर उसवून बघायचेच, आतला कॅनव्हास कसा बसवलाय, खांद्याला काय भरलंय. तिला ते पाठ होतं.

पण एक दिवस गेला, दोन गेले. बाबा मुकाट्यानं शिवत होते. नवं कापड बेतलं, कच्चे टाके घातले, बाह्या जोडल्या. जुना कोट खुंटीला लटकलेला, शिवण बंद. उसवून परत शिवली का उसवलीच नाही, तिला कळेना. बाबा नजरेला नजर देईनात. तिसऱ्या दिवशी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बघितलं असेल आणि गप्प बसले असतील तर? साहेबी गिऱ्हाईक, पदकाचा कोट, गावभर नाव. सगळ्या गावानं वाघ म्हटलंय, आपण कशाला तोंड उघडा, असं त्यांना वाटलं असेल तर? ती इस्त्री फिरवताना मुद्दाम आपटायची. बाबा म्हणायचे, "इस्त्रीनं काय केलंय तुझं?"

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी ट्रायल ठरली. तळाला अर्धी सुट्टी होती, म्हणून तीही दुकानात होती. गाडी येऊन उभी राहिली. नवरदेव उतरला, मागून मोठे साहेब, त्यांना स्वतःच्या विजारीची उंची बघायची होती, आणि त्यांच्यामागे हातात फाईल घेऊन शिक्केवाला. दुकानात आधीच दोन गिऱ्हाइकं बसली होती. सगळे उठून उभे राहिले. मोठे साहेब खुर्चीत बसले. नवरदेव आरशासमोरच्या बुटक्या स्टुलावर चढला आणि भांग सारखा करायला लागला.

बाबांनी त्याच्या अंगावर नवा कोट चढवला. ओठांत टाचण्या, गळ्यात टेप, कानामागे खडू. कमरेशी दोन टाचण्या लावल्या, बगलेत एक, पाठीवर तीन.

"हलू नका साहेब, टोचेल."

"झकास झालाय, मास्तर," मोठे साहेब म्हणाले. "एकदम मापात."

"अजून आतून कुठे बघितलाय?" बाबा म्हणाले आणि त्यांनी कोटाची डावी बाजू पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटली.

गुळगुळीत काळ्या अस्तरावर, बरोबर छातीशी, निळ्या-पांढऱ्या रेघांच्या चार पट्ट्या शिवलेल्या होत्या. चारही बाजूंनी बारीक टाके, एकेका पट्टीवर जांभळा शिक्का, आणि एकीच्या कोपऱ्यात बाबांचा तो तिकोन. खळताईच्या हातातली इस्त्री तशीच वर राहिली.

"हे काय आहे?" नवरदेव म्हणाला.

"मला काय ठाऊक, साहेब? तुमच्या जुन्या कोटाच्या अस्तरात होतं. तुम्हीच निरोप धाडलात ना, तंतोतंत, एक टाका इकडचा तिकडे नको? म्हटलं असेल साहेबांची काही खूण. जुन्यातलं काढलं, नव्यात लावलं."

शिक्केवाला सवयीनं वाकून बघत होता. "हा तर माझा शिक्का," तो बोलून गेला. बोलल्यावर त्यानं जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला.

"तारीख वाचा की जरा," बाबा म्हणाले. "माझी नजर अधू झालीय." तासाभरापूर्वी त्यांनी एका फटक्यात सुईत दोरा ओवला होता.

शिक्केवाल्यानं मोठ्या साहेबांकडे बघितलं. मोठ्या साहेबांचे डोळे असे की माणूस जागच्या जागी भाजून निघावा. पण बाबा त्याच्याकडेच बघत होते, तेही हलेनात. शिक्केवाल्यानं घसा खाकरला आणि तारीख वाचली. दुकानातल्या सगळ्यांना ती ठाऊक होती. सातवं विमान पडल्याची तारीख वर्तमानपत्रानं मोठ्या अक्षरांत छापली होती.

"पुरे झालं," मोठे साहेब उठले. "मास्तर, काढा ते."

"काढतो ना. एकच शंका आहे, अडाणी माणसाची." बाबा नवरदेवाच्या समोर उभे राहिले. स्टुलामुळे तो उंच आणि बाबा खाली, पण मान खाली गेली ती त्याची. "आमची पोरगी म्हणते, पहिल्या गोळीला पट्टी फाटते. या चारही धडधाकट आहेत. मग त्या दिवशी तुम्ही विमान पाडलंत ते कशानं? रुमालानं?"

बसलेल्या गिऱ्हाइकांपैकी एकजण फिस्सकन हसला. तेवढ्यानं घात केला. नवरदेवाला सगळं सोसायचं, हसलेलं सोसत नसे.

"बंदुका अडकल्या होत्या!" तो ओरडला. "चारही! दाबतोय, दाबतोय, काही सुटेना. दोघं एकदम आले. तुमच्या पोरानं एक पाडलं, दुसरा त्याच्या शेपटीला लागला. मी काय करणार होतो रिकाम्या हातांनी? मीही मेलो असतो!"

आपण काय बोललो ते त्याच्या हळूहळू ध्यानात यायला लागलं, तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"म्हणजे तो पळाला नाही," बाबा म्हणाले.

"आणि बंदुका अडकल्या नव्हत्या," खळताई पुढे आली. इस्त्री अजून हातातच होती. "त्याच संध्याकाळी तपासायला झाडल्या, पहिल्या दाबाला चालल्या. मी तिथेच उभी होते. तुम्ही दाबलंच नाहीत. तुम्ही वळून आलात आणि त्याला टाकलंत. त्याचं विमान चोरलंत आणि वर त्यालाच पळपुटा म्हणालात. थू तुमच्या नऊ चांदण्यांवर!"

नवरदेवानं कोट ओरबाडून काढायला बघितलं. टाचण्या बगलेत शिरल्या, पाठीत शिरल्या. तो कळवळला, स्टुलावरून घसरला, आणि कसाबसा कोट फेकून नुसत्या शर्टावर बाहेर गेला. भांग पार विस्कटला होता.

मोठ्या साहेबांनी हात पुढे केला. "तो कोट माझ्याकडे द्या."

"कोट ज्यांनी सांगितला त्यांनी न्यावा, साहेब." बाबांनी कोट उचलून झटकला. "एकाचं कापड दुसऱ्याच्या हातात देत नाही मी. चाळीस वर्षांत दिलं नाही."

"मास्तर, महागात पडेल."

"पडेल. पोरगा गेला माझा, आणखी काय न्याल?"

साहेब गेले. शिक्केवाला दारात घुटमळला, त्याला बाबांशी काहीतरी बोलायचं होतं बहुतेक, पण नुसता नमस्कार करून गेला. बाबांनी तो कोट उलटा केला, अस्तर बाहेर, आणि दुकानाच्या काचेतल्या पुतळ्याला चढवला. तळाकडे जाणारा रस्ता दुकानावरूनच जायचा. तळावरची झाडून सगळी माणसं सकाळ-संध्याकाळ काचेसमोरून जात-येत होती, आणि पट्टी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

समारंभ पुढे ढकलला गेला तो गेलाच. साहेबांचा माणूस तीनदा कोट न्यायला आला. बाबा म्हणायचे, "ज्याचं माप त्यानं यावं. ट्रायल अर्धी राहिलीय." नवरदेव आला नाही. त्याला कुठेतरी लांब कोठारावर धाडलं, तिथे म्हणे तो कापडाचे गठ्ठे मोजून घेतो. खळताईला वस्तू लपवल्याबद्दल कामावरून काढलं. तिनं खळीचा डबा साहेबांच्या दारात उपडा केला आणि घरी आली.

सोळाव्या दिवशी एक शिपाई लिफाफा देऊन गेला. ती दुकानात काजं करत होती. तिनंच फोडला. 'साथ सोडली' हे शब्द रद्द समजावेत. शत्रूचं एक विमान पाडून, साथीदाराची पाठ राखत असताना मरण आलं, असं वाचावं. नाव फलकावर घेण्यात आलं आहे. खाली मोठ्या साहेबांची सही, घाईत केलेली.

तिनं दोनदा मोठ्यानं वाचलं. बाबा मशीन थांबवून ऐकत होते. त्यांनी कागद हातात घेतला नाही. ते काचेतल्या कोटाकडे वळले.

"शर्ट तू कापलास," ते म्हणाले.

ती या वाक्याला इतके दिवस घाबरून होती. "लाल कापड संपलं होतं, बाबा. चुकलं माझं."

"किती पट्ट्या कापल्या होत्यास?"

"आठ."

"आठ." त्यांनी बोटांनी टेप गुंडाळायला घेतला, परत सोडला. "इथे चारच आहेत."

"बाकीच्या त्याच्या विमानाला होत्या."

"मग त्या?"

"त्या फाटल्या, बाबा. त्यानं गोळ्या झाडल्या ना. चारही फाटल्या असणार."

बाबांनी मान हलवली. "फाटल्या," ते म्हणाले, आणि मशीनवर डोकं टेकून म्हातारा पहिल्यांदा रडला. मोठमोठ्यानं, गिऱ्हाइकांची पर्वा न करता. खळताईनं त्याला रडू दिलं. मग ती आत गेली, कपाटातला फोटो काढला, पदरानं पुसला आणि जुन्याच खिळ्याला लावला.